पुष्पाची एक ओळ

जवळ सरक वं, शोभा. कागदाच्या जवळ सरक. माझं अक्षर मोठं आहे, पण वाकडं आहे. आणि आधी मले रागावून घेऊ दे. सहा महिने झाले, मावशीच्या दारात पाय नाही तुझा. बर्डीच्या बाजारात येतेस, सिनेमा पाहतेस, भेळ खातेस, आणि तिथून इंदोऱ्याची बस तुले सापडत नाही? वरून आईले विचारतेस, मावशीनं ऑफिसातलं सावलीतलं काम सोडून विटा काहून उचलल्या? मले विचारायचं होतं ना पोरी. माझं तोंड काय शिवलं आहे?

सोडलं म्हणतेस. बरं. आता ऐक.

ऑफिसातल्या बडेबाबूनं, म्हणजे हेडक्लार्कनं, माझा कागद खिडकीच्या काचेवर धरला. पाठमोरा धरला. बाहेर दुपारचं ऊन होतं, कागदातून अक्षरं आरपार दिसत होती.

"या, या, सगळे या," बडेबाबू ओरडले. "आपल्या बाईंनी सही केली आहे. वाचायची असेल तर कागदाच्या पाठीमागून वाचा."

सात टेबलं होती ऑफिसात. सातही टेबलं हसली. कोणी खुर्ची मागं सारून आलं, कोणी बसल्या जागी मान लांब केली. दिवाळीची साडी मिळाल्याचा तो कागद होता. दर वर्षी मी त्यावर अंगठा लावत होती. त्या वर्षी म्हटलं, मी सही करते. केली. उजवीकडून सुरू केली आणि डावीकडं नेली. प्रत्येक अक्षर उलटं. आरशात दिसते तसं.

"तुमच्या लोकांच्या हातात लेखणी दिली की हे असंच होणार," बडेबाबू म्हणाले. "सरळ म्हणून जमायचं नाही." शाईचं पॅड पुढं सरकवलं. "लाव अंगठा."

मी लावला.

आता तू म्हणशील, मावशी, उलटं कोण लिहिते? तर ते सांगावं लागते.

सरकारी कामं घेणारी ती लहानशी ठेकेदार कंपनी. सदर भागात एका जुन्या बंगल्याच्या चार खोल्यांत ऑफिस. कुठं तहसील कचेरीची इमारत, कुठं नाल्यावरचा पूल, कुठं शाळेच्या दोन खोल्या, अशी कामं. मले ठेवलं होतं झाडायले. राहते कुठं, असं पहिल्या दिवशी विचारलं. इंदोऱ्याले, म्हटलं. वस्तीच्या नावातच जात कळली, त्याच्यापुढं त्यायले काही विचारावं लागलं नाही.

साहेबाले एक हौस होती. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी पत्रक काढतात, तसं आपणही काढावं. नाव ठेवलं 'आपला परिवार'. महिन्याले दोन पानं. पहिल्या पानावर कामाच्या बातम्या, कोणता स्लॅब भरला, कोणत्या पुलाचा पाया झाला. दुसऱ्या पानावर माणसायच्या बातम्या, कोणाची बढती, कोणाचं लग्न, कोणाच्या पोराचा नंबर. बडेबाबू टाइप करत. स्टेन्सिल म्हणजे मेणकागद, त्यावर टाइप झालं की ते सायक्लोस्टाइल मशीनच्या ड्रमवर चढवायचं आणि हँडल फिरवायचं. दीडशे प्रती. त्यातल्या काही फायलींसोबत बांधकाम खात्यात जात. सरकारी साहेबांनी पाहावं, किती गुण्यागोविंदानं राहतात हे लोक.

मशीनची शाई हाताले लागली की दोन दिवस निघत नव्हती. म्हणून बाबू लोक मशीनले हात लावत नव्हते. म्हणून ते मशीन माझ्याकडं आलं. संडासाच्या बाजूची खोली. खिडकी नाही. टेबल पुढं ओढल्याशिवाय हँडल फिरत नव्हतं, आणि टेबल ओढलं की दार उघडत नव्हतं. म्हणजे छापणं संपेपर्यंत आतली बाई आत.

आणि छापलेल्या कागदाले हात लावायचा नाही, हा नियम. "हात काळे आहेत तुझे," बडेबाबू म्हणत. नुसत्या शाईमुळे म्हणत होते असं मले तेव्हाही वाटलं नाही. हात साबणानं घासून गेली तरी नियम तोच. प्रती उचलायले गणपत चपराशी येत होता. काटोलकडचा माणूस, स्वभावानं वाईट नाही. गठ्ठा उचलायच्या आधी वरची प्रत तो मोठ्यानं वाचत होता, पोथी वाचल्यासारखी, ताल लावून. आणि मी ड्रमकडं पाहत होती.

मले सरळ कागद हाती मिळतच नव्हता ना. मले मिळत होता ड्रम. आणि ड्रमवर अक्षर उलटं दिसते. तो वाचे, "स्लॅब". मी शोधू. डोक्यावर चंद्रकोर असलेला एक शब्द दर महिन्याले येत होता. तो स्लॅब. लोक कमळ, बदक करत शिकतात. मी स्लॅबनं शिकली बाई. मंग पूल, मंग पाया, मंग साहेब. तीन वर्षं लागली. आणि उलटं आहे हे मले समजलंच नाही. वरची रेघ असते ना आपल्या अक्षराले, ती उलटी केली तरी तशीच राहते. त्या रेघेनं फसवलं मले. दुकानाच्या पाट्या काय मी पाहत नव्हती? पाहत होती. पण पाटीवर मले ते चित्र वाटे. मशीनवर अक्षर वाटे. घरी पुष्पाचं पुस्तक होतं. पण आईनं पोरीले कसं विचारावं, मले 'क' दाखव म्हणून? लाज वाटे.

माझ्या नावाची अक्षरं मी वेगवेगळ्या शब्दांतून गोळा केली. एक पुलातून घेतलं, एक साहेबांतून. आणि दिवाळीच्या कागदावर मांडली.

ते हसत होते तेव्हा मी मान खाली घातली नव्हती, शोभा. मी काच पाहत होती. काचेवर माझं नाव सरळ पडलं होतं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. फक्त बाजू चुकली होती. आणि बाजू माझी मी निवडली नव्हती, त्यायनं मले त्याच बाजूले उभं केलं होतं. त्या एका क्षणात मले सगळं सरळ वाचता येऊ लागलं. सदरपासून इंदोऱ्यापर्यंत चालत आली, पाटी न पाटी वाचत. जरीपटक्यात एका कापडाच्या दुकानासमोर उभी राहून 'उधार मिळणार नाही' वाचलं आणि रडली. दुकानदाराले वाटलं मले उधारी पाहिजे.

कोणाले सांगितलं नाही. हे माझं चुकलं का बरोबर, ते अजून ठरत नाही.

पुढच्या महिन्यात स्टेन्सिल आलं. पहिली प्रत काढून बडेबाबूले दाखवायची असे. ती काढली, दोन बोटांनी कोपऱ्याले धरून नेली, नेता नेता वाचली. खाली चौकट होती, 'हसा थोडं'. त्यात लिहिलं होतं, "कार्यालयातील एका बाईंच्या सह्या तपासण्यासाठी साहेब लवकरच मोठा आरसा मागवणार आहेत."

बडेबाबूनं माझ्यासमोरच वाचलं, माझ्यासमोरच हसले. लपवलं नाही. कोणापासून लपवणार? भिंतीपासून कोणी लपवते?

"ठीक आहे. चालव."

मी चालवलं. खोटं सांगत नाही. टेबल ओढलं, दार बंद झालं, आणि मी माझ्याच अपमानाच्या दीडशे प्रती माझ्याच हातानं काढल्या. हँडलच्या एका फेऱ्याले एक. तुझे काका गिरणीतून खोकला घेऊन घरी बसले होते. कापसाची धूळ छातीत भरली होती. चार पावलं चालले की भिंत धरत. कमवणारी मी एकटी. कुठं जाऊ? बाहेर गेली असती तर त्याच दारातून परत आत यावं लागलं असतं, हात जोडून. फिरवलं हँडल.

मंग ती चौकट माझीच झाली. दर महिन्याले काहीतरी. बाईंनी घड्याळ उलटं वाचलं. बाईंनी साहेबांचा फोटो उलटा टांगला. घडलेलं काहीच नाही, सगळं मनचं. लोक पत्रक आलं की आधी खालची चौकट वाचत. मले ऐकू येत होतं, कोणत्या टेबलावर आधी हसू फुटते आणि कोणत्या टेबलावर मागाहून. आणि गणपत वाचता वाचता त्या ओळीवर आला की खोकल्यासारखं करून पुढं जात होता. त्याले वाटे मले समजत नाही. त्याची दया यायची मले. एवढा एकच माणूस, ज्याले लाज वाटत होती.

असा उन्हाळा आला. पुष्पा चौथीत होती, म्युनिसिपालिटीच्या शाळेत. निकाल लागला. पहिली आली. वर्गात नाही वं, चौथीच्या तिन्ही तुकड्यांत पहिली. गुरुजी घरी सांगायले आले. काका उठून उभे राहिले, भिंत न धरता.

पत्रकात 'गुणगौरव' म्हणून एक रकाना होता. बाबू लोकांच्या पोरांचे नंबर त्यात येत. कोणाचा पोरगा दुसऱ्या वर्गात तिसरा आला, ते देखील येत होतं. मले वाटलं, एक ओळ. एक ओळ सरळ यावी माझ्या पोरीची. सहा महिने मी माझी चेष्टा छापली, तर एक ओळ मागायचा हक्क झाला का नाही मले?

बडेबाबूपुढं उभी राहिली. "बाबूजी, माझी पुष्पा पहिली आली. गुणगौरवात येईन काय?"

बडेबाबू गोड हसले. "का नाही? नाव सांग पूर्ण. छापू की. तू परिवारातलीच आहेस."

मी वेडी. घरी येऊन सांगितलं. पुष्पानं शाळेत गुरुजीले सांगितलं, मैत्रिणीले सांगितलं, गल्लीत सांगितलं. माझं नाव छापून येणार. रोज संध्याकाळी मी दिसली की विचारे, "आई, आलं?"

मे महिन्यात आलं स्टेन्सिल. साहेबाच्या खोलीत कूलर, वाळ्याचा ओला वास बाहेरपर्यंत. माझ्या खोलीत शाई घामात मिसळून कोपरापर्यंत ओघळत होती. पहिली प्रत काढली. गुणगौरव वाचलं. पाच पोरं. पुष्पा नाही. पुन्हा वाचलं. वाटलं, मीच चुकली. मंग खालची चौकट वाचली.

"आमच्या सहीवाल्या बाईंची पुष्पा शाळेत पहिली आली म्हणे! निकाल बाईंनीच वाचला असल्यास ती शेवटून पहिली असावी."

प्रत घेऊन गेली.

"बघ," ते म्हणाले, "आलं की नाही तुझ्या पोरीचं नाव?"

"काय लिहिलं, बाबूजी?"

माझ्या डोळ्यात पाहून म्हणाले, "लिहिलं की पहिली आली. जा, चालव."

खोलीत आली. टेबल ओढलं. दार बंद. हँडल फिरवलं. एक प्रत पडली. दुसरी पडली. पुष्पा शेवटून पहिली. पुष्पा शेवटून पहिली. माझा हात चालत होता, पोरी. सवयीचा हात होता तो. आठ-दहा प्रती पडल्या असतील आणि मग हात थांबला. मी थांबवला का तोच थांबला, देव जाणे. देव नाही, मीच जाणते. मी थांबवला. माझ्यावर छापलं ते मी फिरवलं होतं. दहा वर्षांच्या पोरीवर नाही फिरवणार.

पळावं म्हटलं तर दार बंद. आणि बंद आहे म्हणूनच कोणी आत येऊ शकत नव्हतं. ही गोष्ट मले चार वर्षांत पहिल्यांदा सुचली.

आधी त्यायच्याच ओळीतून पुष्पाचं नाव नीट पाहून घेतलं. मंग त्या चौकटीवर कोरा कागद चिकटवला. ओल्या शाईवर तो बरोबर बसला, खालचं काही छापणार नाही असा. चौकटीखाली चार बोटं जागा मोकळी होती. स्टेन्सिलवर रेघा मारायची लोखंडी लेखणी खणात पडून होती. ती घेतली. ड्रमवर लिहायचं म्हणजे उलटं लिहावं लागते, तेव्हा कागदावर सरळ उतरते. बडेबाबूले ते जन्मात जमलं नसतं. मले दुसरं काही येतच नव्हतं. उजवीकडून सुरू केलं. खाली ड्रमची जाळी मऊ, लेखणी रुतत होती, शाई वर येत होती. पण हात अडला नाही.

हँडल फिरवलं. कागद पडला.

"पुष्पा चौथीत पहिली आली. तिची आई या ऑफिसात मशीन चालवते."

सरळ. अक्षरं लहानमोठी, पण सरळ.

दीडशे काढल्या. गणपतनं दार वाजवलं. "बाई, झालं काय?" टेबल सरकवलं. त्यानं गठ्ठा घेतला, वरची प्रत सवयीनं वाचू लागला. खाली आला आणि आवाज बसला.

"हे बाबूनं टाइप केलं?"

"नाही."

"मंग कोणी?"

"वाच ना. दर महिन्याले मोठ्यानं वाचतोस. वाच."

त्यानं गठ्ठा खाली ठेवला. "काहून माझ्या जीवावर उठली वं तू? माझी नोकरी जाईन."

"ठेव तिथंच. मी नेते."

"तुह्ये हात तं पाहय."

पाहिले. काळे होते. गठ्ठा छातीशी धरला आणि बाहेर निघाली. टेबलाटेबलाले प्रत दिली, हातात दिली. प्रत्येक कागदावर माझी बोटं उठली. कोणी घेतलं, कोणी टेबलावर ठेव म्हणालं. टेबलावर नाही ठेवलं मी. हात पुढं धरून उभी राहिली, तोवर घ्यावंच लागलं. त्या दिवशी खालच्या ओळीले कोणी हसलं नाही. शेवटली प्रत साहेबाले.

साहेबानं वाचलं. बडेबाबूले बोलावलं.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"तुला लिहिता येत नाही."

"येते."

बडेबाबू म्हणाले, "साहेब, हिला उलटं येतं." पण हसू आलं नाही कोणाले, कारण कागदावर सरळ होतं.

साहेब आवाज चढवणारा माणूस नव्हता. बडेबाबूनं तिथंच एक माफीनामा लिहिला. साहेबानं पॅडचं झाकण उघडून माझ्याकडं सरकवलं. "बाई, तू आमच्या परिवारातली आहेस. अंगठा लाव, आधीचं होतं तसं छापून दे. विषय संपला."

मी कागद उचलला. त्यायले वाटलं, अंगठ्याची जागा शोधून राहिली. मी वाचलं. मोठ्यानं. अडखळत, एकेका अक्षरावर थांबत. "मी... अडाणी... असल्यामुळे... माझ्या हातून... चूक... झाली."

कूलर चालू होता. कागद मी हातातच ठेवला.

"चूक कोणती ते नाही लिहिलं, साहेब. माझी पोरगी पहिली आली, ही चूक काय? मी मशीन चालवते, ही चूक काय? तेवढं लिहा."

"तुला नोकरी पाहिजे की नाही?"

"पाहिजे," म्हटलं. "घरात दुसरं कोणी कमवत नाही."

"मग लाव."

"नोकरी पाहिजे. पण अडाणी नाही मी. अंगठा नाही लावत."

बस. एवढंच बोलली. लोकायले वाटते मोठं भाषण दिलं असेल. नाही. साहेबानं पॅडचं झाकण लावलं आणि दाराकडं बोट दाखवलं.

काका त्या संध्याकाळी लय बोलले. "एक ओळ खाऊन जगायचं काय आता?" बरोबरच होतं त्यायचं. पुष्पानं प्रत पाहिली, वहीत ठेवली, शाळेत नेली नाही. एवढंच विचारलं, "आई, आता काम?" तिच्या तोंडावर आनंद पाहायचा होता मले. तो नाही दिसला. मशीन चालवते म्हणून चार ऑफिसात विचारलं, ठेकेदार लोक एकमेकांले ओळखतात, कोणी उभं केलं नाही. पावसाळ्याआधी डोक्यावर विटांचं टोपलं घेतलं.

महिन्याभरानं गणपत जरीपटक्याच्या बाजारात भेटला. खाली पाहून म्हणाला, "बाई, तुमची बातमी आली पत्रकात." त्याले पाठ होती. "कार्यालयातील झाडणाऱ्या बाई घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडून गेल्या." तिथून निघालेला आहे हा शब्द. सोडलं. छापलेलं होतं म्हणून खरं झालं. सासरी खरं झालं, माहेरी खरं झालं, आता तुझ्यापर्यंत आलं. मी सोडलं नाही. मले काढलं, कारण मी हात थांबवला. हे तू तुझ्या हातानं लिहून ठेव.

बारा वर्षं झाली त्याले. काका गेले. पुष्पा नर्सिंगले आहे, होस्टेलात. मी मनीषनगरच्या पुढं एका साइटवर स्लॅबवर पाणी मारते. टोपलं आता उचलत नाही माझ्यानं. काल मुकादम एक कागद घेऊन आला. घडी घातलेला. फक्त खालची जागा मोकळी, आणि सोबत पॅड. "सरकारी तपासणी आहे, मावशी. सगळ्या बायायचे अंगठे पाहिजेत, पटापट."

"घडी उघड," म्हटलं.

"काहून? तुम्हाले काय समजते त्यातलं?"

"उघड त्."

त्यानं कागद खिशात घातला. "उद्या पाहू," म्हणून गेला. आम्ही आठ जणी आहोत. पायात कोणाच्या बूट नाही, मागच्या महिन्यात एकीच्या टाचेतून खिळा आरपार गेला, आणि त्या घडीत बूट मिळाले असं लिहिलं असेल, हा मले न उघडताही अंदाज आहे. सातही जणी माझ्याकडं पाहून राहिल्या.

तो उद्या येईन. मी घडी उघडायले लावीन. मोठ्यानं वाचीन, सातही जणीले ऐकू जाईल असं, अडखळली तरी वाचीन. नाही उघडली तर माझा अंगठा नाही. बाकीच्यांनी आपापलं ठरवावं. हे काम जाईल, त्याच्या पुढचंही जाईल. जाऊ दे. न वाचलेल्या कागदावर आता मेल्यावरही कोणी माझं बोट टेकवू नये.

तू ये वं लवकर. या आठवड्यात येशील तर सकाळी सातच्या आत ये, मग मी साइटवर असते. पुढच्या आठवड्यात आलीस तर कधीही ये, बहुतेक घरीच असीन.